वेज कुठला घ्यायचा? चेंबूरच्या एका गोल्फरचं प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या खेळाडूचं नाव देत नाही. रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, सगळे त्यांना काका म्हणतात, इथेही तेच म्हणतो. वय ६१, बँकेतून निवृत्त, घर मुलुंडला. चेंबूरच्या कोर्सवर आठवड्यातून दोनदा खेळतात, तेही ऊन चढायच्या आत. हँडिकॅप १९ (हा आकडा जितका कमी, तितका खेळाडू चांगला). ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, फार लांब जात नाही पण सरळ जातो, पटिंगही बरं आहे. मार खायचे ते ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या, आसपास. माझं काम क्लब दुरुस्तीचं आणि फिटिंगचं, त्यामुळे काका माझ्याकडे आले ते ग्रिप बदलायला. वेजचा, म्हणजे ग्रीनजवळून बॉल उंच उडवायच्या तिरक्या चेहऱ्याच्या क्लबचा, विषय बोलता बोलता निघाला.

दोन वर्षांपूर्वी काकांनी आयर्नचा, म्हणजे मधल्या अंतरांच्या नंबरी क्लबांचा, जुना सेट पुतण्याला देऊन नवा घेतला. या गोष्टीचा वेजशी संबंध आहे, हे तेव्हा कुणीच त्यांना सांगितलं नाही. सेटमधला सगळ्यात तिरका क्लब म्हणजे पिचिंग वेज. जुन्या सेटचा ४८ अंशांचा होता, नव्याचा ४३ अंशांचा. चेहऱ्याच्या या तिरकेपणाला लॉफ्ट म्हणतात. तो जितका जास्त, तितका बॉल उंच उडतो आणि कमी लांब जातो. दोन्हींवर अक्षर एकच, 'पी'. हल्ली बॉल लांब जावा म्हणून आयर्नचे लॉफ्ट कमी ठेवतात. आजचा पिचिंग वेज म्हणजे जवळपास पूर्वीचा नऊ नंबरचा आयर्न. वाळूतून बॉल काढायचा काकांचा सँड वेज मात्र तोच, ११ वर्षं जुना, ५६ अंश लॉफ्ट आणि १४ अंश बाउन्स. म्हणजे ४३ नंतर थेट ५६. मधे १३ अंशांचं भगदाड.

बाउन्स म्हणजे काय, ते इथेच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. क्लब जमिनीवर सरळ टेकवला की सोलचा, म्हणजे क्लबच्या तळाचा, मागचा फुगीर भाग खाली टेकतो आणि पुढची कड, म्हणजे लीडिंग एज, थोडी वर राहते. या उताराचा कोन म्हणजे बाउन्स. तो जास्त असेल तर क्लब मातीत किंवा वाळूत न घुसता वरून सरकतो. कमी असेल तर कड जमिनीलगत बसते आणि आत शिरते. अमेरिकन गोल्फर जीन सारझननी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला नायब्लिकच्या, म्हणजे जुन्या काळच्या तिरक्या आयर्नच्या, सोलखाली शिशाचा थर चढवून हेच साधलं, आणि १९३२ ची ब्रिटिश ओपन जिंकली. तोवर बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, बहुतेकदा धारदार कडेच्या क्लबने बॉल उकरून काढावा लागे.

अडचण

मे महिन्याच्या शेवटी काकांनी ६० अंशांचा लॉब वेज घेतला. बाउन्स ४ अंश. टीव्हीवर मोठे खेळाडू तोच काढून बॉल उंच उडवतात, झेंड्याजवळ अलगद थांबवतात, ते पाहून मनात बसलं होतं. दुकानात विचारलं ते एवढंच, "साठचा हवा की अठ्ठावन्नचा?" बाउन्सचा शब्द निघाला नाही. ते कुठे खेळतात, स्विंग कसा आहे, पावसात खेळतात का, हेही कुणी विचारलं नाही. १५ हजारांच्या आसपास पैसे गेले.

मग जून आला.

मुंबईत गोल्फ खेळणाऱ्याला दोन वेगवेगळ्या जमिनींवर खेळावं लागतं. जून ते सप्टेंबर गवत दाट, खाली माती मऊ. बॉल पडतो तिथेच रुततो, वाळू ओली होऊन दडस बसते. दिवाळीनंतर जमीन आवळत जाते आणि एप्रिल-मेपर्यंत फेअरवेच्या, म्हणजे ग्रीनकडे जाणाऱ्या कापलेल्या पट्ट्याच्या, कडेला, झाडांखाली, ग्रीनच्या मागे अशी कडक होते की क्लब आपटला तर मनगटाला झिणझिण्या येतात. ज्या देशांतले सामने आपण टीव्हीवर बघतो, तिथल्या खेळाडूच्या हातातला वेज तिथल्या जमिनीसाठी घासून घेतलेला असतो.

जुलैच्या अखेरीस काका आले तेव्हा अगदी खचले होते. म्हणाले, "अरे, तीस यार्डांवरून दोन फूट जातो बॉल! पुढचा मारला तर टॉप होऊन ग्रीनच्या पलीकडे. माझा हातच गेलाय बहुतेक."

मी वेज हातात घेतला. सोलवर नेमक्या कडेलगत मातीचा कोरडा पट्टा होता आणि कडेच्या मधोमध बारीक ठेचा. क्लब जमिनीत कुदळीसारखा जातोय, हे त्यावरून दिसत होतं. पण एवढ्यावरून निर्णय घ्यायचा नव्हता.

आधी मोजमाप

पहिला निर्णय हा होता की काहीच विकत घ्यायचं नाही आणि काही विकायचंही नाही. सहा राउंड, शंभर यार्डांच्या आतबाहेरचा प्रत्येक शॉट स्कोअरकार्डच्या मागे लिहायचा: अंतर, लाय (म्हणजे बॉल कशावर आणि कसा पडलाय), क्लब, काय झालं. काकांना हे पटायला वेळ लागला. त्यांना त्याच दिवशी उत्तर हवं होतं. लिहायचं काम शेवटी त्यांच्या नेहमीच्या कॅडीने, म्हणजे बॅग उचलणाऱ्या सोबत्याने, घेतलं. त्यांना सगळे मामा म्हणतात. तीस वर्षं याच कोर्सवर आहेत, आणि पावसात कुठल्या ग्रीनच्या कुठल्या बाजूला पाणी धरतं, हे त्यांना पाठ आहे.

सहा राउंडमधे ७१ शॉट भरले. ७० ते ११० यार्डांमधले १४. बंकरमधले १६. उरलेले ४१ ग्रीनच्या तीस यार्डांच्या आत. या ४१ पैकी २२ बिघडले: १३ डफ (क्लब बॉलच्या आधी जमिनीत गेलेले), ९ थिन (कड बॉलच्या पोटात लागून जमिनीलगत सुटलेले). आणि बिघडलेल्या २२ पैकी १९ वेळा हातात ६० अंशांचा वेज होता. बंकरमधून ७ वेळा पहिल्या फटक्यात बॉल बाहेर आला नाही, त्यात ५ वेळा पुन्हा तोच.

मग रेंजवर प्रत्येक वेजने पूर्ण स्विंगचे दहा-दहा बॉल. सगळ्यात लांबचा आणि सगळ्यात जवळचा सोडून बाकीच्यांची सरासरी. ४३ अंशांचा ११० यार्ड. ५६ चा ७५. साठचा कधी ४०, कधी ६५. त्याची सरासरी काढण्यात अर्थच नव्हता.

मधले ३५ यार्ड काका कसे भरत होते? नव्वद यार्ड असले की पिचिंग वेज अर्धा उचलायचा आणि ऐनवेळी हात आखडायचा. त्या १४ शॉटपैकी ग्रीनवर बसले तीन.

तिसरी गोष्ट मोबाइलवर बाजूने काढलेल्या चित्रीकरणात दिसली. चिप, म्हणजे ग्रीनजवळचा छोटा फटका, मारताना बॉलला क्लब लागतो त्या क्षणी काकांचे हात बॉलच्या बरेच पुढे असतात, दांडा लक्ष्याकडे साधारण ९ अंश झुकलेला. शिवाय स्विंग वरून खाली, लाकूड फोडल्यासारखा. हात पुढे नेले की लॉफ्टही तेवढा कमी होतो आणि बाउन्सही. ६० मधून ९ गेले, उरले ५१. म्हणजे ज्या उंचीसाठी क्लब घेतला ती उंची मिळतच नव्हती. आणि ४ अंश बाउन्समधून ९ गेले, तर उणे ५. कड सोलच्याही खाली, थेट मातीत.

हे कागदावर सांगून काकांना पटेना. मग व्हरांड्यातल्या फरशीवर दोन्ही वेज शेजारी टेकवले. जुन्या ५६ च्या कडेखाली रुपयाचं नाणं आरामात सरकलं. साठच्या खाली पोस्टकार्डही जेमतेम गेलं. मग काकांना म्हटलं, "आता चिप मारताना धरता तसे हात पुढे न्या." साठची कड फरशीला कर्रकन घासली. पाठीमागे उभे असलेले मामा म्हणाले, "साहेब, ही सुरी आहे. पावसात सुरीने चिखल कापत बसाल." काका बराच वेळ काही बोलले नाहीत. नाणं दोन-तीनदा आत-बाहेर सरकवून बघत राहिले.

विचारात घेतलेले पर्याय

एक, साठचाच ठेवायचा आणि स्विंग बदलायचा. प्रशिक्षक हेच सुचवेल, आणि तरुण खेळाडू असता तर मीही सुचवलं असतं. पण हात पुढे ठेवण्याची सवय वीस वर्षांची होती. ६१ व्या वर्षी, आठवड्यात दोन राउंड खेळून, ती मोडायला किती हंगाम जातील? आणि तोवर काकांचा उरलासुरला धीर?

दोन, ४८, ५४ आणि ५८ असे तीन नवे वेज. कॅटलॉगमधे हा संच देखणा दिसतो, अंतरंही सारखी. अडचण पैशांची होती आणि बॅगेचीही. नियमाने १४ क्लब, आणि काकांच्या बॅगेत १४ होते. तीन वेज घ्यायचे तर एक हायब्रिड, म्हणजे आयर्नपेक्षा सोपा असा लांब पल्ल्याचा क्लब, काढावा लागणार. दोनशे यार्डांच्या आत ड्रायव्हर मारणाऱ्या माणसाचा हायब्रिड काढणं मला पटत नव्हतं. पार चारच्या (चार फटक्यांत संपवायच्या) होलवर दुसरा शॉट ते त्यानेच मारतात.

तीन, ५० आणि ५६. हा बाजारातला सर्रास सल्ला. पण तो ज्या बॅगेत पिचिंग वेज ४६ चा आहे तिथे बसतो. ४३ पासून मोजलं तर ७ आणि ६ अंशांची फट राहते, आणि काकांना वरच्या अंतरातच जास्त मदत हवी होती.

चार, ४८ आणि ५४. फट ५ आणि ६ अंशांची. साठचा घरी. क्लबांची संख्या तीच. हा पर्याय मामांना अर्धाच मान्य होता. त्यांचं म्हणणं, "पावसाला ठीक. पण मेमधे बंकरच्या मागे झेंडा असला तर काय मारणार साहेब? तिथे अठ्ठावन्नचा, बारीक सोलचा पाहिजे." त्यांचा मुद्दा मी लिहून ठेवला. तो पुढे यायचाच होता.

निर्णय आणि प्रत्यक्ष कामं

चौथा पर्याय ठरला, पण लगेच खरेदी केली नाही. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण या प्रकरणात सगळ्यात जास्त समाधान मला या टप्प्यानं दिलं.

४८ अंशांचा क्लब काकांच्या घरच्यांकडेच होता! पुतण्याकडे, पुण्यात, जुन्या सेटमधे. तो महिनाभरासाठी परत मागवला. आणि ५४ साठी जुना ५६ चाच वेज लॉफ्ट-लाय मशिनवर, म्हणजे क्लबचे कोन मोजायच्या आणि वाकवायच्या यंत्रावर, धरून दोन अंश वाकवला. लॉफ्ट कमी केला की बाउन्स तितकाच उतरतो, म्हणून १४ चे १२ झाले. काकांच्या ९ अंश पुढे झुकलेल्या हातांतून ३ अंश शिल्लक राहतात. क्लब घुसत नाही, आणि कड फार वरही राहत नाही. जुनं मऊ पोलाद होतं, म्हणून दोन अंश हिंमत केली. कडक स्टेनलेस असतं तर होझल, म्हणजे दांडा बसतो ती मान, तडकण्याची भीती असते, तिथे मी हात लावत नाही. खर्च काही शे रुपये.

सप्टेंबरभर काका या दोन जुन्या क्लबांनी खेळले. साठचा बॅगेतून काढायला ते तयार नव्हते. "राहू दे रे, कधीतरी लागेल." इथे मी हट्ट धरला. बॅगेत असला की हात तिकडेच जातो. त्यांनी तो गाडीच्या डिकीत ठेवला.

चाचणीतून दोन गोष्टी कळल्या. ४८ अंशांचं अंतर बरोबर बसलं, पण पुतण्याच्या क्लबचा दांडा जड पोलादाचा, आणि काकांच्या नव्या आयर्नचे दांडे ग्रॅफाइटचे. दहाव्या होलनंतर ते दमायचे आणि शॉट उजवीकडे सुटायचे. म्हणून नव्या सेटच्याच जातीचा ४८ अंशांचा वेज मागवला. तो ऑक्टोबरमधे आला. पूर्ण स्विंगनेच मारायचा क्लब आहे, त्यामुळे तो आयर्नसारखाच वाटला पाहिजे, फॅन्सी सोलची त्याला गरज नाही.

दुसरी गोष्ट खाचांची. वाकवलेला वेज घुसत नव्हता, बॉल ग्रीनवर येत होता, पण थांबत नव्हता. ११ वर्षांत चेहऱ्यावरच्या खाचांच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. नखाने ओढून पाहिलं तर अडतही नव्हतं. ओल्या गवतात क्लब आणि बॉलच्या मधे पाणी येतं, ते जायला खाच लागते. २०१० पासून नियमांनीच नव्या क्लबांच्या खाचांचा आकार आणि कडांची धार मर्यादित केली आहे. ती मर्यादित धारही झिजली, तर स्पिनसाठी हाताशी काही उरत नाही. नवीन वेज त्यासाठी हवा होता. जानेवारीत घेतला: ५४ अंश, १२ बाउन्स, सोल पूर्ण रुंदीचा. दुकानात काका स्वतःच बोलले, "बाउन्स बारा. आणि सोल घासलेला नको." मी शेजारी उभा होतो.

सरावही ठरवून दिला. चोपन्ननेच तीन उंचींचे स्विंग: हात कमरेपर्यंत, छातीपर्यंत, खांद्यापर्यंत. काकांची अंतरं ३०, ५० आणि ६५ यार्ड निघाली, पूर्ण स्विंगचं ८२. ४८ चं पूर्ण अंतर ९७. हे आकडे चिकटपट्टीवर लिहून दांड्याला लावले. आणि ग्रीनलगत, मधे काही अडथळा नसेल, तर बॉल उडवायचाच नाही. नऊ नंबरने लोळवायचा.

निकाल

फेब्रुवारी-मार्चमधे पुन्हा सहा राउंड लिहून काढले. तीस यार्डांच्या आतले ३८ शॉट, त्यात बिघडलेले ९. बंकरमधले १३, पहिल्या फटक्यात न निघालेले २. ७० ते ११० यार्डांमधून १७ शॉट, ग्रीनवर ८. जमीन तोवर कोरडी झाली होती, म्हणून ऑगस्टशी थेट तुलना बरोबर नाही, हे मी काकांनाही सांगितलं. खरी परीक्षा पुढच्या पावसाळ्यात झाली. जुलैत तीन राउंड झाले, डफ एकूण ४. हँडिकॅप १९ वरून १६ वर आला आहे. त्यात सगळंच वेजचं नाही, लिहून काढल्यामुळे काका शॉट विचार करून निवडायला लागले, हेही आहे.

मेमधे मात्र मामांचा मुद्दा समोर आला. एका सकाळी काकांचा बॉल ग्रीनच्या उजव्या बाजूला, टणक, जवळजवळ उघड्या मातीवर. मधे बंकर, झेंडा बंकरपासून चार पावलांवर. ५४ चा चेहरा उघडला की बाउन्स आणखी वाढतो, कड वर येते आणि बॉलच्या पोटात बसते. काकांनी चेहरा उघडला. बॉल जमिनीलगत सणसणत गेला, बंकरच्या भिंतीवर आपटून वाळूत. मामा काही म्हणाले नाहीत, फक्त वाळू सारखी करायला रेक घेऊन आले.

त्यानंतर अशा जागेवरून काका चेहरा सरळ ठेवतात, ग्रीनच्या रुंद भागाकडे मारतात आणि झेंड्यापासून वीस-पंचवीस फुटांवरून पटिंगच्या दोन फटक्यांत होल संपवतात. एक शॉट त्यांच्या हातात नाही, आणि तो नाही हे त्यांनी मान्य केलं आहे.

पुन्हा करायचं झालं तर

आयर्नचा सेट बदलतानाच वेज मोजायला हवे होते. हे मी आता प्रत्येकाला विचारतो, 'पी' लिहिलेला क्लब नेमका किती अंशांचा आहे? बहुतेकांना माहीत नसतं. मशिनवर मोजायला दोन मिनिटं लागतात.

नोंदी करायला लावल्या हे बरोबर झालं, पण त्यात लायचं वर्णन फार ढोबळ होतं: 'रफ', 'फेअरवे', 'वाळू'. ओली की कोरडी, मऊ की टणक, हे मी लिहायला सांगितलं नव्हतं. ते असतं तर मेमधल्या त्या शॉटचा अंदाज आधीच आला असता. मामांना विचारून पहिल्याच दिवशी तो रकाना वाढवता आला असता.

बंकरची चाचणीही अपुरी राहिली. वाकवलेला वेज ओल्या, दडस वाळूत तपासला, कोरड्या भुसभुशीत वाळूत नाही. १२ बाउन्स तिथेही चालला, पण तो तपासून घेतलेला निर्णय नव्हता.

आणि ५८ चा प्रश्न. माझं मत अजूनही असं की काकांना तो नको, कारण त्यासाठी हायब्रिड सोडावा लागेल आणि तो शॉट राउंडमधे फार तर एकदा येतो. मामांचं मत उलट आहे: हायब्रिड दोन आहेत, तीन नंबरचा उन्हाळ्यात क्वचितच निघतो कारण टणक फेअरवेवर बॉल तसाही पळतो, मग मार्च ते मे तो घरी ठेवा आणि बारीक सोलचा ५८ घ्या. मी मागच्या आठवड्यात काकांची मार्च-मेची कार्डं काढून मोजली. पंधरा राउंडमधे तीन नंबरचा हायब्रिड ११ वेळा बाहेर आला आहे. मामांना हा आकडा सांगितला आहे. येत्या मार्चमधे रेंजवरचा ८ बाउन्सचा ५८ चा डेमो क्लब महिनाभर काकांना द्यायचा ठरलंय. टणक मातीवरून, मामांच्या देखरेखीखाली, आणि या वेळी लायच्या रकान्यासह.